आंदणाच्या घागरीची कणपरीक्षा

जे डोळ्यांना दिसतं त्यावरून मत बनवणं हे मागासलेपणाचं लक्षण आहे. सुधारलेला समाज जे दिसत नाही ते आधी शेकडो पटींनी मोठं करून पाहतो, आणि मग तेच मत बनवतो जे त्याचं पहिल्यापासून होतं. (यात वेळ जास्त जातो, पण मताला वजन येतं.)

मध्यप्रांताच्या सरकारला हे तत्त्व मान्य होतं. म्हणून एकोणीसशे तीस सालानंतर दोन-तीन वर्षांत नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये, एका चिंचेच्या झाडाखालच्या बंगल्यात, ‘धातुकणनिरीक्षण कचेरी’ उघडण्यात आली. लोखंड, पितळ, कासं यांच्या पोटात कोणते कण कसे नांदतात हे भिंगातून पाहावं आणि त्यावरून पुलांची, रुळांची आणि यंत्रांची प्रकृती सांगावी, असा तिचा उद्देश होता. उद्देश उत्तम होता. अडचण एवढीच होती की रुळांची प्रकृती कलकत्त्यात पाहिली जाई, आणि पुलांचं लोखंड विलायतेहून येतानाच आपली प्रकृती ठीक असल्याचा दाखला घेऊन येई. त्यामुळे पहिल्या वर्षी कचेरीकडे आलेल्या प्रकरणांत एका सरकारी फाटकाचा कोयंडा, एका गोऱ्या साहेबाच्या कुत्र्याची साखळी आणि कचेरीच्याच टेबलावरचं पेपरवेट यांचा समावेश होता. तिन्ही निर्दोष ठरली. (कोयंडा परत बसवता आला नाही, कारण त्यातला अर्धा नमुन्यासाठी कापला होता. ते फाटक तेव्हापासून उघडं आहे. पण कोयंड्याच्या गुणवत्तेबद्दल आता कोणालाही शंका नाही. कुत्राही सापडलेला नाही.)

कचेरीचे मुख्य परीक्षक महादेवराव. विलायतेत शिकून आलेले, सज्जन, हळू बोलणारे. सूक्ष्मदर्शकात पाहून पाहून त्यांना एक डोळा मिटायची सवय लागली होती, आणि तो ते माणसांशी बोलतानाही मिटत. त्यामुळे समोरच्याला आधी राग येई आणि मग पगडी सारखी करावीशी वाटे.

कणपरीक्षेची पद्धत थोडक्यात सांगणं आवश्यक आहे. ज्या वस्तूची परीक्षा करायची तिचा नखाएवढा तुकडा कापतात. तो लाखेत बसवतात. मग काचकागदावर घासतात; आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक; आणि शेवटी मखमलीवर इतका घासतात की त्यात आपला चेहरा दिसावा. पण चेहरा पाहायचा नसतो. त्या आरशावर तेजाबाचा एक थेंब सोडतात. तेजाब कणाकणाच्या सीमेवर चावतं, आणि जे इतका वेळ एकजीव, एकरंगी, सुखी दिसत होतं ते भिंगाखाली वेगवेगळ्या कणांचं निघतं. प्रत्येकाची हद्द वेगळी, प्रत्येकाची दिशा वेगळी. (एकत्र कुटुंबात हा परिणाम तेजाबाशिवाय साधतो.)

अशा रीतीनं परीक्षा झाली की भांड्याला दाखला मिळतो आणि भोकही मिळतं. दाखला कचेरी देते. भोक बुजवायला डाख लावावा लागतो, तो ज्याचं भांडं त्यानं लावायचा. एखादी वस्तू अखंड आहे हे सिद्ध करण्यासाठी ती आधी कापावी लागते, हे शास्त्राचं दुर्दैव नव्हे, शिस्त आहे.

इतवारीतल्या लोकांना ही शिस्त फार आवडली. ज्यांच्या घरी डाख लावलेली परात होती ते ती पाहुण्यांसमोर पालथी ठेवू लागले. सोयरिकीच्या बैठकीत ‘कुंडली पाहिली का?’ याच्या पाठोपाठ ‘कण पाहिले का?’ असं विचारलं जाऊ लागलं. सावळ्या मुलींच्या बापांना यामुळे थोडा दिलासा मिळाला, कारण बोलण्याचा निदान एक विषय वाढला.

आता मूळ प्रकरण.

इतवारीत नानाजींचं कापडाचं दुकान होतं. दुकानाच्या मागे घर, घराच्या मागे गोठा, आणि या तिन्हींवर त्यांची पत्नी रुखमाबाई. नानाजी सुधारक होते. अंधश्रद्धा त्यांना मुळीच खपत नसे. अमक्याची दृष्ट लागते, तमकीचा पायगुण वाईट, असं कोणी नुसतं म्हटलेलं त्यांना चालत नसे. ते सिद्ध व्हावं लागे.

त्यांच्या मुलाचं, शालिकरामचं, लग्न त्या वर्षी ज्येष्ठात झालं. मुलगी पारशिवनीची, नत्थूजींची गोपिका. नत्थूजी पेंच नदीच्या काठचे शेतकरी. घरचं भात, घरचे बैल आणि एकुलती एक मुलगी. मुलीला आंदणात द्यायला म्हणून ते स्वतः भंडाऱ्याला गेले, आणि कासाराच्या दुकानात दिवसभर बसून एकेक भांडं वाजवून, कानाला लावून घेतलं. घागर, परात, घंगाळ, गडवे. घागर तर अशी की रिकामी असली तरी तिच्याजवळ उभं राहिलं की तहान भागावी. सगळं पितळ हातानं ठोकलेलं. अंगभर ठोक्यांचे बारीक ठसे, जसे पाण्यावर थेंब पडताना दिसतात तसे. गोपिकानं ती पहिल्यांदा कडेवर घेतली तेव्हा आईला म्हणाली होती, “माय, हे लेकरासारखी बसते वं.”

नव्या घरी आल्यावर मात्र त्या घागरीला गोपिकाच्या कडेवर बसता आलं नाही. रुखमाबाईंच्या घरात एक नियम होता. सुनेनं आणलेली भांडी थेट स्वयंपाकघरात जात नसत. परक्या गावचं पितळ, परक्या हातांचं. ते आधी सव्वा महिना गोठ्यात, गाईंच्या वर आडव्या बांधलेल्या वाशाला टांगून ठेवायचं, खालून गाईंचा वास लागला पाहिजे, आणि सोमवारी सोमवारी त्यावर साठवणीतलं गोमूत्र शिंपडायचं. मग ते पितळ घरचं होतं. (सुनेसाठी असाच नियम होता, फक्त त्याची मुदत ठरवलेली नव्हती.)

गोठा उत्तम होता. सहा गाई, जाड भिंती, एकच दार आणि पावसाळ्यात तेही बंद. आत गेलं की डोळ्यांना झोंबून पाणी येई, इतकी तिथली हवा पवित्र होती.

आषाढ सरता सरता एका दुपारी गोठ्यातून ‘टण्ण’ असा आवाज आला. कोणी हात लावला नव्हता, कोणी जवळ नव्हतं. जाऊन पाहिलं तर गोपिकाची घागर गळ्यापासून बुडापर्यंत उभी चिरली होती. चारपाच दिवसांनी परात. मग घंगाळ.

रुखमाबाई ओसरीवर येऊन बसल्या. त्यांनी काही आरडाओरडा केला नाही. त्या फक्त गोपिकाच्या पायांकडे पाहू लागल्या.

“काय पाहून राहिल्या, आत्याबाई?” गोपिकानं विचारलं.

“काई नाई वं. पाय पाहून राहिली. आंदण फुटलं. उद्या घरातलं फुटंन. मंग दुकान. मंग कोन जाने काय.”

“दुकान काहून फुटंन? ते का पितळंचं हाय?”

“पाह्यलं?” रुखमाबाई नवऱ्याला म्हणाल्या. “जीभ कशी हाय पाह्यली? फुटंन नाई तं काय!”

नानाजींनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. ते गंभीर झाले. आपल्या घरात पायगुणासारखी खुळचट गोष्ट पुराव्याशिवाय बोलली जावी हे त्यांना सहन झालं नाही. त्यांनी पारशिवनीला निरोप पाठवून व्याह्यांना बोलावून घेतलं आणि अत्यंत न्यायाची गोष्ट मांडली: फुटलेली भांडी कचेरीत पाठवायची. कण खराब निघाले तर दोष पितळेचा. नत्थूजींनी भांडी बदलून द्यावी आणि विषय संपला. कण चांगले निघाले तर पितळेचा दोष नाही. मग ज्याचा उरतो त्याचा. त्या परिस्थितीत गोपिकाला पारशिवनीला कायमची पोचती करण्यात येईल.

“याच्यात कोनावर अन्याव हाय का, इवाईबुवा?” नानाजींनी विचारलं.

नत्थूजींना अन्याय सापडला नाही. तो कुठेतरी आहे एवढं त्यांना वाटलं. पण शास्त्रापुढे नुसतं वाटणं चालत नाही.

शालिकरामलाही विचारण्यात आलं. “तुह्यं काय म्हननं हाय?”

“माह्यं?” शालिकराम म्हणाला. (या प्रकरणात त्याची नोंदवलेली साक्ष एवढीच आहे.)

कचेरीत घागर आली त्या दिवशी महादेवरावांनी स्वतः तुकडा कापला, स्वतः घासला. तिसऱ्या दिवशी नत्थूजी निकाल विचारायला गेले. टेबलासमोर उभे राहून त्यांनी पहिलंच वाक्य टाकलं:

“साहेब, माहं पितळ खोटं हाय जी.”

महादेवरावांनी मान वर केली. एक डोळा मिटला. “कशावरून?”

“म्याच आनलं ना जी. पाहून-वाजवून आनलं म्हन्लं, ते लबाड बोललो. सस्त्यातलं उचललं. तुमी लिहून घ्या, मी आंगठा देतो.”

“पण तुमचं पितळ उत्तम आहे.”

नत्थूजींचा चेहरा पडला. “नाई जी. उत्तम कसं असंन? काहून उत्तम म्हनून राहिले तुमी? एकडाव अजून पाहा.”

“मी पुन्हा पुन्हा पाहिलं. तांबं आणि जस्त इतक्या चांगल्या प्रमाणात, कण इतके सारखे! काही कण तर जुळे आहेत, शेजारीशेजारी, एकमेकांचे आरसे असावेत तसे. असं पितळ मी विलायतेत फार कमी पाहिलं.” महादेवराव खरोखर हेलावले होते. “तुमच्या कासाराचा हात धन्य आहे.”

“साहेब,” नत्थूजींनी हात जोडले. “माही एकच पोरगी हाय. पाया पडतो तुमच्या. थोडं तरी खराब म्हना. एखांद्या कोपऱ्यात.”

महादेवरावांनी पुन्हा भिंगात पाहिलं. ते निर्दय नव्हते. कोपऱ्यातही उत्तम होतं. चीर कणांच्या पोटातून नव्हे, कणाकणाच्या मधून, हद्दीहद्दीनं वाट काढत गेली होती, जशी दोन शेजाऱ्यांच्या मधून पायवाट जाते तशी. त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं: पितळ निर्दोष.

मुलीच्या बापाला मालाची तारीफ ऐकून रडताना पाहण्याचा प्रसंग कचेरीला नवा होता. चपराशानं त्यांना पाणी दिलं.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर महादेवरावांच्या विद्वत्तेवर अन्याय होईल. कचेरीच्या कपाटात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यात ठेवली तर आपोआप चिरतात. कारण ठोकून-दाबून घडवलेल्या पितळेच्या अंगात तो दाब मुरून बसलेला असतो. वरून काही कळत नाही. आणि जनावरांच्या मुताची उग्र वाफ लागली की तो दाब वाट काढतो. हे पान महादेवरावांनी वाचलं होतं. त्याखाली तांबड्या पेन्सिलीनं रेघ मारली होती. इतकंच नव्हे, ते नानाजींच्या घरी पाहणीसाठी आले तेव्हा गोठ्यात जाऊन टांगलेल्या गडव्यांखाली रुमाल नाकाला लावून उभेही राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. (ते रुखमाबाईंना सहानुभूतीचं वाटलं.)

पण महादेवराव उतावीळ नव्हते. पुस्तकात काडतूस होतं, इथे घागर होती. पुस्तकात घोडा होता, इथे गाय होती. पुस्तकातला तबेला सरकारी होता, हा गोठा खाजगी. एकही मुद्दा जुळत नसताना निष्कर्ष काढणं म्हणजे अडाण्यांसारखं बोट दाखवणं. त्यांनी शेरा मारला: ‘स्थळाची पाहणी केली. स्थळ स्वच्छ व धार्मिक आहे.’

पितळ सुटलं. आता पाय उरला.

पण नानाजी हाडाचे सुधारक. “एक सुटला म्हनून दुसरा अडकला, असं नाई होत,” ते म्हणाले. “पायाची बी परीक्षा व्हाले पाह्यजे.” पाय धातूचा नसल्यामुळे कचेरीच्या कक्षेत येत नव्हता. बराच विचार झाल्यावर असं ठरलं की पायात जोडवं असतं, जोडवं चांदीचं असतं, ते रात्रंदिवस पायाला चिकटून राहतं, तेव्हा पायात जे काही असेल ते जोडव्यात उतरलं असणारच. जोडव्याचे कण पाहावेत.

जोडवं काढता येईना, कारण नवरा जिवंत होता. (शालिकरामबद्दल ही गोष्ट तेव्हा पहिल्यांदाच ठासून सांगण्यात आली.) म्हणून सूक्ष्मदर्शकच इतवारीला आणायचं ठरलं. तो रजईत गुंडाळून टांग्यातून आला. गल्लीतल्या बायकांना वाटलं कोणी बाळंतीण आली. दोघीजणी तर तीट घेऊन धावल्या.

ओसरीवर पडदा बांधला. थोरांसमोर पाय वर करणं शोभत नाही म्हणून नानाजी भिंतीकडे तोंड करून बसले आणि तिथून कारवाईवर देखरेख करू लागले. पडद्याखालून गोपिकाचा पाय बाहेर आला आणि लाकडी पाटावर विसावला. महादेवरावांनी बारीक करवत काढली.

“डाव्या पायाचं घ्या जी,” रुखमाबाईंनी सुचवलं. “घरात येतानी डावाच टाकला असंन तिनं.”

पडद्यामागून आवाज आला, “उजवाच टाकला होता, आत्याबाई. तुमीच तं माप ओलांडाले लावलं. तवा म्हन्ल्या होत्या का, लक्ष्मी आली.”

“तवा भांडी फुटली नव्हती वं!”

“साहेब,” गोपिका म्हणाली, “बोट नका कापजा. त्याच्यात चांदी नाई हाय.”

महादेवरावांनी जोडव्याच्या टोकाचा मसुरीच्या डाळीएवढा तुकडा घेतला. दुपार घासण्यात गेली. ऊन कललं तेव्हा त्यांनी भिंगाला डोळा लावला, आणि बराच वेळ लावूनच ठेवला. मग मागे वळून, का कोण जाणे, पण म्हणाले, “यांना पाहायचंय का?”

गोपिका पडद्याबाहेर आली. तिनं दोन्ही डोळे उघडे ठेवून वाकून पाहिलं.

“काय दिसते वं?” रुखमाबाईंना राहवलं नाही.

“शेतं दिसून राहिली,” गोपिका हळूच म्हणाली. “धुरे दिसून राहिले, मधातले बांध. एक लांब शेत, एक आखूड. टेकडीवरून आमची पारशिवनी दिसते ना, तशी. पेरायच्या आंधीची.” तिचा पदर भिंगावर आला तो तिनं सावरला. “मानूस नाई दिसत कोनी.”

हे विधान लिहून घेण्यात आलं नाही, कारण चांदीत शेतं असल्याची नोंद कोणत्याही ग्रंथात नाही. महादेवरावांनी लिहिलं ते असं: ‘चांदी चांगली. कण मात्र लांबट व दबलेले आढळतात. बाहेरून बराच दाब आलेला दिसतो. तो कोणाचा, हे या भिंगातून दिसत नाही.’

“म्हंजे काय?” रुखमाबाईंनी विचारलं.

“म्हंजे,” नानाजी भिंतीला म्हणाले, “चांदी चांगली. मंग उरला पाय.”

त्या दिवसापासून पहाटे जातं ओढताना गोपिका एकच ओवी म्हणू लागली. ती घरातल्या सगळ्यांना पाठ झाली, पण तिचा अर्थ कोणी विचारला नाही:

*ठोके खाऊन घडली, घागर पितळंची बाई,*
*वरून चमकते, आतलं कोनी पाह्यत नाई.*

प्रकरण निकालात निघालं असतं. पण सरकारी काम अर्धवट सुटत नाही. वरच्या कचेरीनं विचारणा केली की तुलनेचा नमुना कुठे आहे? जिचा पायगुण चांगला असल्याचं निर्विवाद सिद्ध आहे अशा स्त्रीचं भांडं त्याच जागी, त्याच स्थितीत ठेवून ते शाबूत राहतं हे दाखवल्याशिवाय दुसरीचा पायगुण वाईट म्हणता येत नाही. ही विचारणा ज्या कारकुनानं केली त्याचं नाव उपलब्ध नाही. त्यानं ती बहुधा सवयीनं केली असावी.

अशी स्त्री कोण, हा प्रश्नच नव्हता. रुखमाबाईंनी त्याच दिवशी आपली घागर माळ्यावरून उतरवली. लग्नात कळमेश्वरहून आलेली. त्या सूनबाई होत्या तेव्हा घरात गोठाच नव्हता, त्यामुळे ती सरळ स्वयंपाकघरात गेली होती आणि माळ्यावर जाईपर्यंत तिनं निमूट पाणी भरलं होतं. साहेबाच्या नजरेखाली जायची म्हणून रुखमाबाईंनी ती तांबटाकडे पाठवून तिचे पोचे काढून घेतले. तांबटानं ती आतून-बाहेरून नव्यानं ठोकली, घासली, सोन्यासारखी केली. मग ती गोपिकाच्या उरलेल्या गडव्यांशेजारी त्याच वाशाला टांगण्यात आली. सोमवारच्या गोमूत्रात रुखमाबाईंनी तिला जरा जास्तच वाटा दिला. आपली ती आपली.

मुदत पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ठरली. तोवर घागर शाबूत राहिली की गोपिकानं जायचं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नत्थूजी दमणी घेऊन दारात आले. बैलांच्या शिंगांना कालचा रंग तसाच होता, गळ्यात घुंगुरमाळाही होत्या; त्या काढायचं नत्थूजींना सुचलं नव्हतं. त्यामुळे लेकीला परत न्यायला आलेली गाडी वरातीसारखी वाजत आली. महादेवराव कागद घेऊन हजर होते. गल्ली हजर होती. गोपिकाची पेटी दमणीत चढवली गेली. ती पेटीशेजारी बसली नाही. चाकापाशी उभी राहून बैलाची पाठ खाजवत राहिली.

“चाल माय,” नत्थूजी म्हणाले. “उन्हं होतीन.”

“थांबा इवाईबुवा,” रुखमाबाई आतून ओरडल्या. “पाहून तं जा!”

त्या गोठ्यात गेल्या. घागर काढली. नुसती दाखवायची कशाला म्हणून घड्यातल्या पाण्यानं काठोकाठ भरली, कडेवर घेतली आणि पदर खोचून, नवरीसारखी मान करून ओसरीच्या पायऱ्या उतरल्या. उजवा पाय आधी टाकला.

तिसऱ्या पायरीवर त्यांच्या लुगड्याला काहीतरी थंड लागलं.

घागरीच्या पोटावर केसाएवढी चीर होती. तिच्यातून पाण्याची धार निघाली होती. ती लुगड्यावरून ओघळली, घोट्यावर आली आणि त्यांच्या जोडव्यांवरून जमिनीवर पसरली. सगळी गल्ली त्या धारेबरोबर खाली खाली पाहत गेली, आणि सगळ्यांची नजर एकाच वेळी रुखमाबाईंच्या पायांवर येऊन पोचली.

बैलाच्या गळ्यातली घुंगरं तेवढी वाजली.

मग नानाजींनी वर पाहिलं. “हवा काय दमट हाय यंदा,” ते म्हणाले.

हा विचार आधी कोणालाच कसा सुचला नाही याचं सगळ्यांना आश्चर्य वाटलं. एकेकानं वर पाहिलं. समोरचा सराफ म्हणाला की असं दमट त्याच्या आयुष्यात झालं नव्हतं. शेजारीण म्हणाली की तिच्याकडे कालच पापड सादळले. महादेवरावांनी वर पाहताना सवयीनं एक डोळा मिटला, आणि ओसरीच्या खांबाला कागद लावून ठळक अक्षरांत लिहिलं: ‘कारण: ऋतुमान.’

“म्हंजे हे घागर हवेनं फुटली,” नत्थूजी सावकाश म्हणाले.

“हवेनंच. दुसरं काय?” नानाजी.

“मंग माह्या पोरीच्या घागरीवर कोनती हवा आली होती जी?”

नानाजी वर्तमानपत्र शोधू लागले. ते हातात नव्हतं. शेवटी त्यांनी घसा साफ केला. “तेच,” ते म्हणाले. “तेच हवा. अजून दुसरी कोनती राहीन?”

गोपिकानं कोणाची वाट पाहिली नाही. तिनं स्वतःच पेटी दमणीतून ओढली, डोक्यावर घेतली आणि सासूच्या शेजारून, त्या थारोळ्यातून पाय टाकत घरात गेली. जाता जाता म्हणाली, “लुगडं बदला, आत्याबाई. सर्दी होईन.”

कचेरीचा हा निकाल फार उपयुक्त ठरला. कारण हवा आहे म्हटल्यावर पितळेला हवेपासून वाचवणं भाग होतं. नानाजींच्या घरात सर्वांत बंद, सर्वांत उबदार, पावसाचा थेंब न येणारी एकच जागा होती. घरातलं झाडून सारं पितळ तिथे नेऊन टांगण्यात आलं. पाहून इतवारीतल्या इतर घरांनीही तसंच केलं. पुढच्या पावसाळ्यात गल्लीगल्लीतून असा टणटणाट झाला की देवळातल्या आरतीची वेळ चुकू लागली. सरकारनं तात्काळ लक्ष घातलं आणि कचेरीला पाऊस मोजायचं यंत्र मंजूर केलं. आलेल्या आकडेवारीवरून असं दिसतं की ज्या घरात सासूचं भांडं फुटलं तिथे पाऊस सरासरीपेक्षा पुष्कळच जास्त पडला, आणि ज्या घरात सुनेचं फुटलं तिथे तो जवळजवळ पडलाच नाही. (दोन्ही घरं पुष्कळदा एकाच भिंतीला लागून होती, शास्त्र याचा विचार करत आहे.)

रुखमाबाईंचं आणि गोपिकाचं बरं जमलं म्हणतात. त्या एकत्र दळत. गोपिका आता नवी ओवी म्हणे आणि रुखमाबाई जात्याला हात लावून ऐकत. एकदा तर त्यांनीच ती पुन्हा म्हणायला लावली:

*घागर फुटली माही, जग पाह्यते माह्या पायी,*
*घागर फुटली सासूची, जग पाह्यते वर आभायी.*

वाचकांनी इतवारीतल्या लोकांना हसण्याची घाई करू नये. काल-परवा आपल्याही स्वयंपाकघरातून काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला असेल. आपण ‘काय पडलं?’ असं विचारलं नाही. ‘कोणी पाडलं?’ असं विचारलं, आणि उत्तर यायच्या आत एक नावही घेतलं. ते कोणाचं, हे इथे छापण्याचं कारण नाही. आपण ते आत्ता मनातल्या मनात पुन्हा घेतलंच आहे.